रजिस्टरमध्ये लिहिलंय "वीज पडली", खरंच पडली का? क्यूजीआयएस आणि पोस्टजीआयएस दोन सीझन वापरल्यानंतरचा रिव्ह्यू

परवा वारज्याहून एका ओळखीच्या सरांचा फोन आला. त्यांच्या क्लायंटची लाइन वळवाच्या पावसात सारखी ट्रिप होते, म्हणजे आपोआप बंद पडते, आणि त्यांना विचारायचं होतं की तुम्ही ते विजा आणि टॉवर नकाशावर जुळवायचं काम कशात करता, लायसन्स केवढ्याला पडलं. लायसन्स शून्य रुपये म्हटल्यावर त्यांना वाटलं आम्ही क्रॅक कॉपी वापरतोय. नाही हो, क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर आणि पोस्टजीआयएस हे त्यामागच्या डेटाबेसचं अंग, दोन्ही ओपन सोर्स आहेत, सरळ वेबसाइटवरून डाउनलोड करायचं आणि कंपनीच्या कामाला वापरायचं, कुणी विचारायला येत नाही. मग फोनवर पाऊण तास गेला आणि तरी अर्धं सांगायचं राहिलं, म्हणून इथे सगळं लिहून काढते.

आधी आमचं काम काय ते सांगते म्हणजे रिव्ह्यू कुठल्या नजरेने लिहिलाय ते कळेल. आमचं सिंहगड रोडला छोटं ऑफिस आहे, हाय टेन्शन लाइनचं मेंटेनन्स आणि टेस्टिंग करतो. एका कारखान्याची स्वतःची १३२ केव्हीची लाइन आमच्याकडे आहे, सव्वीस किलोमीटर, नव्वदच्या आसपास टॉवर, मधला बराच भाग पुरंदरच्या बाजूच्या डोंगरावरून जातो. एप्रिल-मेमध्ये दुपारी चारनंतर तिकडून आभाळ भरून आलं की आमच्या पोटात गोळा येतो. लाइन ट्रिप होते, ट्रायल घेतली, म्हणजे परत चालू करून बघितली, की बहुतेक वेळा होल्ड होते, म्हणजे टिकते, आणि रजिस्टरमध्ये कारणाच्या रकान्यात लिहिलं जातं "वीज पडली". एखाद्या वेळी होल्ड होत नाही आणि मग गँगला पेट्रोलिंगला निघावं लागतं, अंधारात, चिखलात, टॉवर टू टॉवर बॅटरी मारत. आमचे लाइनमन काका पंचावन्नच्या पुढचे आहेत. त्यांना नव्वद टॉवर चालायला लावण्याऐवजी नेमक्या तीन-चार टॉवरकडे पाठवता आलं पाहिजे, मला हे सगळं करायचं होतं ते एवढ्यासाठी.

दुसरं म्हणजे ते "वीज पडली" मला खटकायचं. प्रत्येक ट्रिपिंग विजेच्या खात्यावर टाकलं की झाडाची फांदी, फुटलेली डिस्क (तार टॉवरपासून अलग ठेवणारी चकती), ढिला जंपर (टॉवरपाशी दोन तारा जोडणारा तुकडा), पक्षी, पतंगाचा मांजा हे सगळं झाकलं जातं आणि पुढच्या वर्षी तीच जागा परत त्रास देते.

विकतच्या पॅकेजचं कोटेशन मागवलं होतं, ते आमच्या ऑफिसच्या वर्षभराच्या भाड्यापेक्षा जास्त होतं, विषय तिथेच संपला. मग क्यूजीआयएस उघडलं. हे २००२ मध्ये गॅरी शेरमन या माणसाने अलास्कात बसून सुरू केलेलं सॉफ्टवेअर, तेव्हा नाव क्वांटम जीआयएस होतं, आता जगभरातले लोक मिळून सांभाळतात. आणि त्याच्या मागे डेटाबेस म्हणून पोस्टग्रेस, त्यावर नकाशाचं काम करणारं पोस्टजीआयएस, ते तर २००१ पासून आहे. म्हणजे दोन्ही गोष्टी वीस वर्षांहून जास्त घासून-पुसून झालेल्या आहेत. माझा लॅपटॉप साधा, ८ जीबी रॅमचा, त्यावर दोन्ही व्यवस्थित चालतात. व्हर्जन घेताना एलटीआर (जास्त काळ सांभाळलं जाणारं, स्थिर) लिहिलेलं घ्या, सगळ्यात नवीन घेऊ नका, नवीनमध्ये प्लगइन चालेनासे होतात, सीझन चालू असताना तो ताप नको.

आता डेटा. टॉवरचे कोऑर्डिनेट क्लायंटकडे होते, पण ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी ओपनस्ट्रीटमॅप बघा. त्यात वॉलंटियर लोकांनी सॅटेलाइट फोटो बघून टॉवर आणि लाइन टाकलेल्या असतात, व्होल्टेजसकट, आणि क्यूजीआयएसमध्ये क्विकओएसएम नावाचं प्लगइन टाकलं की तुम्ही सांगाल तेवढ्या भागातल्या पॉवर लाइन थेट नकाशावर येतात. पुण्याच्या भोवतालच्या मोठ्या लाइन, म्हणजे लोणीकंद-चाकणच्या ४०० केव्ही सबस्टेशनकडे जाणाऱ्या वगैरे, बऱ्यापैकी दिसतात. पण २२ केव्ही आणि ११ केव्हीचे पोल त्यात शोधू नका, जवळजवळ नाहीतच, ते तुम्हालाच जीपीएस घेऊन फिरून गोळा करावे लागतील.

विजांचा डेटा हा खरा अवघड भाग. आपल्या पुण्यातच पाषाणला आयआयटीएम ही हवामानावर संशोधन करणारी संस्था आहे, त्यांचं देशभर सेन्सरचं नेटवर्क आहे आणि त्यावरच दामिनी अॅप चालतं, तुमच्या आसपास २० आणि ४० किलोमीटरच्या टप्प्यात वीज होतेय का ते दाखवतं. आमच्या गँगच्या प्रत्येकाच्या फोनवर दामिनी आहे, टॉवरवर चढायच्या आधी बघायचंच असा नियम केलाय, तुम्हीही करा. पण ते जीव वाचवायचं अॅप आहे, मागच्या वर्षीची ट्रिपिंग त्यावरून तपासता येत नाहीत. ब्लिट्झऑर्टुंग म्हणून हौशी लोकांचं जागतिक नेटवर्क आहे, लाइव्ह नकाशा बघायला फार छान, पण त्यांचा डेटा धंद्याच्या कामासाठी वापरायला परवानगी नाही, त्यामुळे क्लायंटच्या कामात आम्ही हात लावला नाही. नासाचा लाइटनिंग इमेजिंग सेन्सर, जो आधी टीआरएमएम उपग्रहावर होता आणि मग २०१७ ते २०२३ स्पेस स्टेशनवर, त्याचा सगळा डेटा फुकट मिळतो. पण तो सेन्सर आपल्या डोक्यावरून जाताना जेमतेम दीड मिनिट एक जागा बघायचा, एका पिक्सेलमध्ये साधारण ४ किलोमीटर, आणि वीज ढगातल्या ढगात चमकली की जमिनीवर आली हे त्याला कळत नाही. एकूण कुठल्या पट्ट्यात विजा जास्त होतात हे बघायला उत्तम, कुठला टॉवर हे शोधायला बिनकामाचा. शेवटी क्लायंटने एका नेटवर्ककडून दोन सीझनची फाइल विकत घेतली. म्हणजे सॉफ्टवेअर फुकट असलं तरी हा खर्च धरूनच चाला, आधी मी क्लायंटला हे स्पष्ट बोलले नव्हते आणि नंतर बोलावं लागलं ते बरं वाटलं नाही.

फाइलमध्ये काय असतं तर वेळ, अक्षांश-रेखांश, करंट किलोअँपिअरमध्ये प्लस किंवा मायनस चिन्हासकट, प्रकार, आणि जागेच्या चुकीची एक लंबवर्तुळाकार मर्यादा. हे शेवटचं लोक बघतच नाहीत. नकाशावर ठिपका दिसला की वाटतं वीज बरोबर तिथेच पडली, पण तो ठिपका काही शे मीटर इकडेतिकडे असू शकतो आणि आमच्या दोन टॉवरमधलं अंतरच तीनशे मीटरच्या आसपास आहे. त्यामुळे एकच टॉवर छातीठोकपणे सांगता येत नाही, तीन-चारचा गट सांगता येतो. क्यूजीआयएसमध्ये ठिपक्याऐवजी ते लंबवर्तुळच काढायची सोय आहे, मी सगळ्या रिपोर्टमध्ये तसंच काढते आणि क्लायंटलाही त्याची सवय लावली.

आता जिथे सगळ्यात जास्त वेळ गेला ते. घड्याळ! विजांचा डेटा येतो यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत), आपला रिले (फॉल्ट आला की लाइन तोडायला लावणारं उपकरण) आणि रजिस्टर भारतीय वेळेत, मध्ये साडेपाच तास. ऐकायला सोपं वाटतं, पण एक्सेलमध्ये साडेपाच तास मिळवताना पहाटेच्या ट्रिपिंगची तारीखच बदलते, आणि त्यात कुणीतरी ०५/०६ लिहिलेलं असतं ते ५ जून का ६ मे हे एक्सेल स्वतःच्या मनाने ठरवतं. आमचा पहिला पूर्ण आठवडा यात गेला. पोस्टग्रेसमध्ये टाइमझोनसकट वेळेचा कॉलम करायचा आणि टाकतानाच सांगायचं, विजांची वेळ यूटीसी आणि रिले-रजिस्टरची एशिया/कोलकाता, मग तो आतल्या आत सगळं एका मापात ठेवतो आणि हा प्रश्न कायमचा मिटतो. फक्त या एका गोष्टीसाठीसुद्धा मी पोस्टग्रेस वापरा म्हणेन, एक्सेलमध्ये हे काम करूच नका.

पण घड्याळच चुकीचं असेल तर डेटाबेस काय करणार. आमच्या एका टोकाचा रिले जीपीएसशी सिंक आहे, त्याची वेळ मिलिसेकंदात बरोबर मिळते. दुसऱ्या टोकाची वेळ ऑपरेटरने भिंतीवरच्या घड्याळात बघून लिहिलेली, आणि ती हमखास पाचच्या पटीत, ४:३५, ५:१०, ५:४०. त्यांचा दोष नाही, लाइन गेल्यावर माणूस आधी फोन उचलतो, वही नंतर. पण या दोन प्रकारच्या वेळा एकाच कॉलममध्ये टाकू नका, वेगळा रकाना ठेवा आणि त्यात लिहा की वेळ कुठून आली.

आणि शेपफाइल, नकाशाचा डेटा ठेवायचा जुना फाइल प्रकार. कृपा करून शेपफाइल वापरू नका. तिच्यातला तारखेचा रकाना फक्त तारीख ठेवतो, वेळ ठेवतच नाही, म्हणजे तुम्ही विजांचा लेयर शेपफाइल म्हणून सेव्ह केला की तास-मिनिटं गेली. मी दोन दिवसांचं काम असं घालवलं. शिवाय रकान्याचं नाव १० अक्षरांपुढे कापलं जातं आणि एन्कोडिंग नीट नसेल तर गावांची मराठी नावं प्रश्नचिन्हं होऊन येतात. जिओपॅकेज म्हणून सेव्ह करा, एकच फाइल, वेळ शाबूत, सासवड सासवडच दिसतं.

पोस्टजीआयएसमधलं मुख्य शस्त्र म्हणजे एसटी डीविदिन हे फंक्शन, अमुक अंतराच्या आत काय आहे ते शोधून देतं. इथे एक खड्डा आहे. डेटा अंशांमध्ये असताना तुम्ही ५०० लिहिलंत तर तो ५०० मीटर नाही, ५०० अंश समजतो आणि अख्ख्या जगातली प्रत्येक वीज तुमच्या टॉवरजवळ निघते. बरं, अंशांतच बफर, म्हणजे टॉवरभोवतीचं वर्तुळ, काढला तरी तो गोल येत नाही, कारण पुण्याच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश साधारण १०५ किलोमीटर आणि अक्षांशाचा एक अंश ११० च्या वर. म्हणून आधी सगळं यूटीएम झोन ४३ नॉर्थ या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत घ्यायचं, तिचा कोड ईपीएसजी ३२६४३, पुणे त्यात येतं, मग मीटर म्हणजे मीटर. आणि दोन्ही टेबलांवर जिस्ट इंडेक्स (जागेवरून पटकन शोधायची सूची) लावा. इंडेक्स नव्हता तेव्हा क्वेरी रात्रभर लावून घरी गेले होते, इंडेक्स लावल्यावर चहा गाळेपर्यंत उत्तर आलं. ज्यांना एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) नको वाटतं त्यांना पायथनमध्ये जिओपांडाज आहे, आणि पांडाजमधलं मर्ज अॅज ऑफ हे फंक्शन जवळात जवळची वेळ जुळवायला फार कामाचं, त्यात टॉलरन्स (वेळेतला जास्तीत जास्त चालणारा फरक) मात्र नक्की द्या, नाहीतर तो तीन दिवसांपूर्वीची वीजही जवळची म्हणून आणून देईल.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. जुळलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. मी पहिल्यांदा १० मिनिटं आणि ५ किलोमीटरची खिडकी ठेवली होती, म्हणजे एवढ्या आतली वीज जुळली असं धरायचं, आणि जवळजवळ सगळी ट्रिपिंग विजेशी जुळली, ऑफिसात सगळे खूश, रजिस्टर बरोबरच होतं म्हणून. मला रात्री झोप आली नाही, कारण मेमधल्या जोरदार वळवात दहा मिनिटांत एवढ्या विजा होतात की कुठलीही वेळ घेतली तरी एखादी सापडणारच. दुसऱ्या दिवशी मी सगळ्या ट्रिपिंगच्या वेळा मुद्दाम २४ तास पुढे ढकलल्या, म्हणजे खोट्या केल्या, आणि तीच क्वेरी परत चालवली. वळीव बऱ्याचदा लागोपाठ दोन-तीन दिवस संध्याकाळी त्याच सुमारास येतो, त्यामुळे तुलना योग्य होती. खोट्या वेळांपैकी निम्म्याहून जास्त जुळल्या! म्हणजे त्या खिडकीला काहीच अर्थ नव्हता. मग जीपीएस वेळ असलेली ट्रिपिंग वेगळी काढली, खिडकी १ सेकंद आणि २ किलोमीटर केली, खोट्यातलं एकही जुळलं नाही आणि खऱ्यातली जी जुळली ती घट्ट जुळली. जी जुळली नाहीत त्यांचं कारण आम्ही परत शोधायला घेतलं आणि त्यातल्या दोन वेळा एकाच स्पॅनखाली (दोन टॉवरमधल्या तारांखाली) वाढलेलं सुबाभळीचं झाड निघालं, वाऱ्याने हललं की कंडक्टरजवळ जायचं. दोन वर्षं रजिस्टर त्याला वीज म्हणत होतं.

भिंतीवरच्या घड्याळाची जी ट्रिपिंग आहेत त्यांच्यासाठी मी रिपोर्टमध्ये आता "ठरवता येत नाही" असं लिहिते. क्लायंटला सुरुवातीला आवडलं नाही, पण झाड सापडल्यावर त्यांनीच दुसऱ्या टोकाला जीपीएस घड्याळ बसवायचं मंजूर केलं.

डिस्टन्स रिले असेल तर अजून एक गंमत करता येते, रिले सांगतो फॉल्ट सबस्टेशनपासून अमुक किलोमीटरवर, ते पोस्टजीआयएसमध्ये एसटी लाइन इंटरपोलेट पॉइंट वापरून थेट लाइनवर टाकता येतं. मग एका नकाशावर तीन गोष्टी, रिलेने सांगितलेली जागा, विजेचं लंबवर्तुळ आणि टॉवर. तिन्ही एकत्र आल्या की गँगला पाठवायचं. पण लाइन कुठल्या दिशेने काढलीय ते आधी बघा. आमची लाइन नकाशावर कारखान्याकडून सबस्टेशनकडे काढलेली होती आणि मी किलोमीटर सबस्टेशनकडून मोजतेय असं समजले, आणि गँग डोंगराच्या चुकीच्या बाजूला गेली. काका रात्री साडेदहाला परत आले, चिखलाने माखलेले, काही बोलले नाहीत. तेव्हापासून प्रत्येक लाइनवर बाण दाखवणारी स्टाइल लावूनच मी फाइल उघडते.

करंटचा आकडाही वाचायला शिका. विजेच्या पहिल्या स्ट्रोकचा (झटक्याचा) करंट साधारण ३० किलोअँपिअरच्या आसपास असतो. त्याहून खूप मोठी वीज टॉवरवर किंवा अर्थ वायरवर (कंडक्टरच्या वरची, वीज अडवणारी तार) पडली आणि टॉवरचा फुटिंग रेझिस्टन्स (पायापासून जमिनीत करंट जायला होणारा विरोध) जास्त असला, जसा खडकाळ डोंगरावर असतो, तर टॉवरचंच व्होल्टेज एवढं चढतं की तिथून उलटा कंडक्टरकडे फ्लॅशओव्हर होतो, म्हणजे करंट हवेतून उडी मारतो. अशा ठिकाणी अर्थिंग सुधारायला पाहिजे. उलट लहान करंटची वीज कधी अर्थ वायरला चुकवून सरळ कंडक्टरवर येते, तिथे अर्थिंग कितीही केलं तरी उपयोग नाही, अर्थ वायरची जागा किंवा अरेस्टरचा (जास्तीचं व्होल्टेज जमिनीत सोडणारं उपकरण) विचार करावा लागतो. म्हणजे दोन्ही वेळा रजिस्टरमध्ये "वीज पडली" असलं तरी औषध वेगळं. आम्ही फुटिंग रेझिस्टन्सचा लेयर टाकला आणि ट्रिपिंगचा टाकला, डोंगरावरचे पाच-सहा टॉवर लगेच डोळ्यात भरले. २२ केव्हीवाल्यांनी लक्षात ठेवा, तुमच्या लाइनचं इन्सुलेशन कमी, त्यामुळे शेजारच्या झाडावर पडलेली वीजही इंडक्शनने तुम्हाला ट्रिप करू शकते, तुमचा हिशोब वेगळा करावा लागेल. आणि एका विजेत सरासरी तीन-चार स्ट्रोक असतात, फाइलमध्ये त्या तीन-चार ओळी दिसतात, एवढ्या विजा पडल्या असं कुणाला सांगू नका.

क्यूजीआयएसचा टेम्पोरल कंट्रोलर, ३.१४ व्हर्जनपासून आलेला, हा मीटिंगमध्ये फार उपयोगी पडला. वादळ सासवडकडून सरकत येताना मिनिटामिनिटाला दिसतं आणि ट्रिपिंगच्या क्षणी लाइन लाल होते, क्लायंटचे मोठे साहेब पाच मिनिटांत समजले, आधी तीस पानांचा रिपोर्ट देऊन समजले नव्हते.

नावडलेलं सांगायचं तर, लाखो ठिपके थेट सीएसव्हीमधून उघडले की क्यूजीआयएस अडकतं, कधी बंदच पडतं, सेव्ह करत राहा. प्रिंटचा लेआउट बनवणं कटकटीचं आहे. पोस्टग्रेस पहिल्यांदा इन्स्टॉल करताना पासवर्ड आणि पोर्टमध्ये नवीन माणूस गोंधळतो, कुणी जाणकार शेजारी असेल तर बरं. फोन करून विचारायला कस्टमर केअर नाही, पण डॉक्युमेंटेशन इतकं नीट लिहिलंय की मला फोनची गरज दोनदाच वाटली. क्लायंटच्या टॉवरचे कोऑर्डिनेट कुठल्या परदेशी सर्व्हरवर जात नाहीत, सगळं आपल्या लॅपटॉपवर राहतं, हे त्यांच्या सिक्युरिटीवाल्यांना फार आवडलं. पाचपैकी साडेचार देते, अर्धा प्रिंट लेआउटचा कापला. जमलं तर प्रोजेक्टला देणगी द्या, आम्ही यंदा दिली.

आणि क्यूफील्ड राहिलं. हे क्यूजीआयएसचं मोबाइलवरचं रूप, तेही ओपन सोर्स, नेटवर्क नसताना चालतं. तीन टॉवरचा गट लाल करून फोनमध्ये टाकला की काकांना आपण कुठे उभे आहोत ते दिसतं आणि टॉवरवर बोट ठेवून फोटो जोडता येतो. आधी ते नको म्हणत होते, आता निघताना स्वतः विचारतात फाइल टाकली का मॅडम. परवाच्या वळवात संध्याकाळी ५:१७ ला ट्रिप झालं, नकाशाने ४६, ४७, ४८ दाखवले, सकाळी साडेनऊला ४७ चा फोटो आला, मधल्या फेजच्या स्ट्रिंगवर दोन डिस्कचं ग्लेझ (वरचा चकचकीत थर) उडालेलं आणि फ्लॅशचा काळा डाग स्पष्ट दिसतोय. गुरुवारचं शटडाऊन मागितलंय, परमिट आलं की बदलून घेतो.